शिंपले मोजणारा माणूस

कोकणात समुद्रावर गेलेली मुले परतताना खिसे भरून शिंपले आणतात. दोन दिवसांनी वास येऊ लागला की आई ते टाकून देते, आणि त्यातला एखादा देखणा शिंपला तेवढा शोकेसच्या काचेमागे जाऊन बसतो. हे शिंपले बहुतेक करून तिसऱ्या, शिवल्या, कालवे यांच्या जातकुळीतले असतात. आता अशी कल्पना करा, की हीच मुले सव्वीस कोटी वर्षांपूर्वीच्या एखाद्या उबदार, उथळ समुद्राच्या काठी गेली आहेत. खिसे तेव्हाही भरले असते, पण आतला माल दुसऱ्याच घराण्याचा असता.

त्या घराण्याचे नाव ब्रॅकिओपॉड. दिसायला शिंपलाच, पण हातात घेऊन नीट पाहिला तर फरक कळतो. तिसरीची दोन झाकणे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. ब्रॅकिओपॉडचे तसे नाही. त्याचे एक झाकण मोठे, दुसरे लहान. मोठ्याला पोपटासारखी चोच आणि अनेकांच्या चोचीत एक बारीक भोक. त्या भोकातून मांसल देठ बाहेर येई आणि त्या देठाने हा प्राणी खडकाला धरून बसे. जुन्या काळच्या रोमन तेलाच्या दिव्याची आठवण करून देणारा हा आकार आहे, म्हणून इंग्रज लोक त्याला दिव्याचा शिंपला म्हणतात. आपण पणतीचा शिंपला म्हणायला हरकत नाही.

वीस-पंचवीस कोटी वर्षे समुद्राच्या तळावर या पणत्यांचे राज्य होते. मग ते जवळजवळ संपले. आज त्यांच्या साऱ्या मिळून सुमारे चारशे जाती उरल्या आहेत. आपल्या पूर्व किनाऱ्याच्या चिखलात लिंग्युला नावाची त्यांच्यातली एक आजही बिळ करून राहते. पण मुलांच्या खिशात त्या सहसा येत नाहीत. हे राज्य बुडाले, आणि ते एकटे न बुडता समुद्रातली जवळजवळ सगळी जुनी वस्ती सोबत घेऊन बुडाले, ही गोष्ट आकड्यांचा हिशेब मांडून एका वळणदार रेषेत पहिल्यांदा कागदावर उतरवली ती जॉन फिलिप्स नावाच्या इंग्रजाने, १८६० साली.

भूशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात त्याने घडवलेले शब्द आहेत. पण सर्वसामान्य वाचकाला डार्विन ठाऊक असतो, फार तर हक्सले, फिलिप्स नाही. मी महाविद्यालयात शिकवत असताना त्याची ती रेषा दर वर्षी फळ्यावर काढत असे. दोन ठिकाणी खोल खाली जाणारी, तीन उंचवट्यांची रेषा. मुले ती वहीत उतरवून घेत आणि विसरून जात. ती काढणारा माणूस कोण होता, हे मात्र मला बरेच उशिरा, सवडीने वाचता आले, आणि वाचल्यावर ती रेषा मला पहिल्यासारखी कोरडी वाटेना.

जॉनचा जन्म १८०० सालच्या नाताळच्या दिवशी, इंग्लंडमधल्या विल्टशरमधल्या मार्डन गावी झाला. वडील अबकारी खात्यात नोकरीला होते. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना आईवडील दोघेही गेले. पोरके झालेले हे मूल आले ते मामाच्या पदराखाली. आता मामा म्हटला की आपल्याला शिरा-पुरी आठवते. हा मामा वेगळा होता. त्याचे नाव विल्यम स्मिथ. कालव्यांची, दलदल उपसण्याची, खाणींची मोजणी करत देशभर भटकणारा, हातात पैसा न टिकणारा आणि डोक्यात एकच ध्यास घेतलेला माणूस. ध्यास असा, की जमिनीखालचे थर त्यांच्यात सापडणाऱ्या जीवाश्मांवरून ओळखता येतात. दोन थर रंगाने सारखे असतील, पण त्यांतले शिंपले सारखे नसतात. या एका सूत्रावर स्मिथने एकट्याने पायपीट करून इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा तयार केला. तो १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी चौदा-पंधरा वर्षांचा जॉन लंडनमध्ये बकिंगहॅम स्ट्रीटवरच्या मामाच्या घरी राहायला आला. त्या घरात दोन हजारांहून अधिक जीवाश्म होते. स्मिथने ते मांडायची रीत अशी ठेवली होती, की फळ्या जमिनीतल्या थरांसारख्या तिरक्या, आणि प्रत्येक फळीवर त्या त्या थरातले शिंपले. वरच्या फळीवरचा खालच्या फळीवर जाता कामा नये. इतर मुले ज्या वयात लॅटिन धातू घोकत होती, त्या वयात हा मुलगा शिंपल्यांचे पत्ते पाठ करत होता. हा संग्रह पुढे कर्जापायी ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला. विकण्यापूर्वीची निवड, मांडणी आणि याद्या यांत मामाच्या हाताखाली जॉन होता. मला वाटते त्याचे खरे शिक्षण इथे झाले. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही.

संग्रह विकूनही कर्ज फिटले नाही. १८१९ च्या उन्हाळ्यात स्मिथला कर्जबुडव्यांच्या तुरुंगात दहा-अकरा आठवडे काढावे लागले. सुटून आला तो दारात बेलिफ उभा. घर गेले, सामान गेले. त्यात स्मिथच्या बायकोचे मन ठिकाणावर नव्हते. लंडन सोडून मामा-भाचे उत्तर इंग्लंडात निघून गेले आणि पुढची काही वर्षे मिळेल ते मोजणीचे काम करत, बहुतेक पायी, हिंडत राहिले. या दिवसांबद्दल फिलिप्सने पुढे मामाच्या चरित्रात लिहिले आहे, त्यात कुरकुर नावालाही नाही. गरिबीतले बालपण रंगवून सांगण्याची जी हौस अनेक मोठ्या माणसांना असते, ती त्याला नव्हती. मला तरी त्याची ही गोष्ट फार आवडते.

नशीब फिरले ते १८२४ मध्ये यॉर्क शहरात. तिथल्या एका विद्वत्सभेने स्मिथला व्याख्यानांसाठी बोलावले. सभेकडे जीवाश्मांचा ढीग होता आणि तो लावायला माणूस नव्हता. भाच्याने तो लावून दाखवला. तिरक्या फळ्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला यात अवघड ते काय! १८२६ मध्ये सभेने त्याला आपल्या संग्रहालयाचा रक्षक नेमले. वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा स्वतःचे छप्पर मिळाले. बहीण ॲन पुढे त्याचे घर सांभाळू लागली. दोघांनीही लग्न केले नाही.

यॉर्कमधले ते संग्रहालय सेंट मेरीच्या पडक्या मठाच्या आवारात उभे राहिले. त्या मठाचे आणि शहरातल्या प्रचंड कॅथीड्रलचे दगड फिकट पिवळसर, मॅग्नेशियम असलेल्या चुनखडकाचे आहेत. हा खडक पर्मियन काळातला, म्हणजे आपल्या पणत्यांच्या राज्याच्या अखेरच्या पर्वातला. फिलिप्स रोज त्या दगडांखालून जात-येत होता.

त्याचे काम मात्र त्याहून जुन्या खडकावर चालले होते. यॉर्कशरच्या डोंगरांतला करडा चुनखडक हा एका समुद्राचा तळच आहे. फिलिप्सने त्यावर १८३६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यातल्या शिंपल्यांची चित्रे स्वतः काढली. त्या खडकात ब्रॅकिओपॉड इतके आहेत, की काही ठिकाणी खडक म्हणजे त्यांचीच रास. कुटुंबे निरनिराळी, राहणी निरनिराळी. स्पिरिफर पंखासारखा दोन्ही बाजूंना पसरलेला. त्याच्या पोटात दोन नाजूक चुन्याची मळसूत्रे असतात. या मळसूत्रांच्या आधाराने अंगाची केसाळ झालर पसरवून तो पाणी ओढी आणि त्यातले अन्नकण गाळून घेई. प्रॉडक्टस घराण्यातल्यांनी देठ सोडून दिला होता. त्यांचे खालचे झाकण वाटीसारखे फुगीर, त्यावर लांब पोकळ काटे. मऊ चिखलात हे काटे रोवून ते बुडायचे वाचत. भुसभुशीत वाळूत चालताना आपण पाय फाकवून टाकतो, तसाच हा प्रकार. त्यांच्यातले काही तर फूटभर रुंद होत. मोठ्यांच्या काट्यांवर आणि पाठीवर लहान पणत्या देठाने चिकटून राहत, त्यांच्या आडोशाला समुद्रलिली डुलत, फटींमध्ये जाळीदार शेवाळप्राणी घरे करत. चाळीत जशी एका जिन्याच्या आधाराने पाच बिऱ्हाडे नांदतात, तशी ही वस्ती.

ब्रॅकिओपॉड हा कमी खर्चात भागवणारा प्राणी होता. मांस थोडे, हालचाल जवळजवळ नाही, श्वासही सावकाश. म्हणून त्याला खाण्यात इतरांना फारसा लाभ नव्हता. शांत समुद्रात ही काटकसर कोट्यवधी वर्षे उत्तम चालली.

फिलिप्सच्या काळात इंग्लंडातले मोठे मोठे भूशास्त्रज्ञ थरांच्या सीमांवरून हमरीतुमरीवर आलेले होते. सेज्विक आणि मर्चिसन हे जिवलग मित्र तर एका थरपट्टीवरून जन्माचे वैरी झाले. मर्चिसनने रशियात जाऊन १८४१ मध्ये पर्म शहरावरून पर्मियन हे नाव दिले. या साऱ्या भांडणात फिलिप्स कोणत्याही बाजूला तलवार घेऊन उभा राहिलेला दिसत नाही. स्वभावाने तो मवाळ. ब्रिटिश असोसिएशन ही विज्ञानसंस्था १८३१ मध्ये यॉर्कमध्ये सुरू झाली, तिच्या व्यवस्थेचा भार त्याने पुढे पाव शतकाहून अधिक काळ उचलला. पत्रे लिहिणे, खोल्या ठरवणे, रुसलेल्यांची समजूत काढणे हे सगळे त्यात आलेच.

पण मवाळ माणसाने एक काम फार धीटपणे केले. थर कुणाचा आणि त्याला नाव कुणाचे, हे बाजूला ठेवून त्याने शिंपले मोजायला घेतले. कोणत्या थरात किती जाती, त्यातल्या किती खालच्या थरातही आहेत, किती वर गेल्यावर उरतात. डेव्हन आणि कॉर्नवॉल भागातल्या जीवाश्मांवरचा त्याचा १८४१ चा ग्रंथ म्हणजे मुख्यतः हाच हिशेब. मोजता मोजता त्याला दिसले, की बहुतेक थरांच्या सीमेवर काही जाती जातात, काही नव्या येतात, बिऱ्हाडे हळूहळू बदलतात. दोन सीमा मात्र वेगळ्या आहेत. तिथे सगळी चाळच रिकामी होते. या दोन सीमांनी त्याने पृथ्वीवरच्या जीवनाचे तीन भाग पाडले. पुराजीव हा शब्द सेज्विकने आधीच घडवला होता. मध्यजीव आणि नवजीव हे फिलिप्सने दिले. आज शाळेतल्या पुस्तकातही हे तीन महाकल्प असतात. ते एका पोरक्या मुलाच्या शिंपले-गणतीतून आले, हे त्या पुस्तकात नसते.

मधल्या वर्षांत त्याने लंडन आणि डब्लिनला प्राध्यापकी केली. १८३९ मध्ये मामा वारला, १८४४ मध्ये भाच्याने त्याचे चरित्र लिहून ऋण फेडले. १८५३ मध्ये ऑक्सफर्डचे स्ट्रिकलंड रेल्वेच्या कटिंगमधले थर पाहत असताना गाडीखाली सापडून गेले, आणि त्यांच्या जागी फिलिप्सला बोलावणे आले. पदवी नसलेला माणूस ऑक्सफर्डमध्ये भूशास्त्र शिकवू लागला. तिथले नवे संग्रहालय बांधले गेले त्यावर त्याची देखरेख होती. आतल्या अंगणाभोवतीचा प्रत्येक खांब ब्रिटनमधल्या वेगवेगळ्या दगडाचा हवा, आणि ते दगड त्याने निवडले. मामाच्या तिरक्या फळ्या आता खांब होऊन उभ्या राहिल्या!

मग आले १८६० साल. आदल्या वर्षी डार्विनचा ग्रंथ निघाला होता. डार्विनचे म्हणणे असे, की बदल हळूहळू होतो. थरांमध्ये जी अचानक पोकळी दिसते तिचे कारण म्हणजे खडकांचे पुस्तक फाटके आहे, मधली पाने गहाळ आहेत. फिलिप्सला हे पटेना. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंब्रिजला त्याने व्याख्यान दिले, ते वाढवून पुस्तक केले, आणि त्यात ती रेषा छापली. जातींची गणती त्याने मॉरिसच्या ब्रिटिश जीवाश्मांच्या सूचीवरून घेतली. जाड थरात जास्त शिंपले सापडणारच, म्हणून थरांच्या जाडीचा हिशेबही धरला. ही सावधगिरी त्या काळात फार कमी लोकांना सुचली असती. तरीही रेषा दोनदा खाली गेलीच. पुराजीव महाकल्पाच्या शेवटी एकदा, मध्यजीवाच्या शेवटी एकदा.

त्याच पुस्तकात आपली गंगाही आहे. डार्विनने दक्षिण इंग्लंडमधल्या एका दरीची झीज व्हायलाच तीस कोटी वर्षे लागली असतील असा अंदाज केला होता. फिलिप्सने त्याला उत्तर म्हणून गंगेच्या गाळाचे आकडे काढले. गाझीपूरला एव्हरेस्ट नावाच्या पाद्र्याने १८३१-३२ मध्ये गंगेच्या पाण्यात किती माती वाहते ते मोजून ठेवले होते. त्या मानाने गंगेच्या खोऱ्यावरून एक फूट जाडीची माती जायला १३३२ वर्षे लागतात. सगळ्या थरांची जाडी धरली ७२,००० फूट. गुणाकार आला ९ कोटी ५९ लाख ४ हजार वर्षे. डार्विनने १८६१ च्या आवृत्तीतून आपली तीस कोटी गुपचूप काढून टाकली.

आज पाहिले तर दोघेही चुकले होते. ती दरी डार्विनच्या अंदाजापेक्षा खूप लवकर झिजली, आणि फिलिप्सच्या साडेनऊ कोटींत फक्त मध्यजीवाचा अखेरचा भाग आणि नवजीव बसतो. मोठ्या प्रश्नावर तर दोघांच्या हाती अर्धे अर्धे सत्य होते, असे मला वाटते. नव्या जाती जुन्यांतून उपजतात, हे डार्विनने ओळखले. फिलिप्स शेवटपर्यंत त्यामागे विधात्याची योजना पाहत राहिला. पण ती पोकळी गहाळ पानांची नाही, खरोखरच्या मरणाची आहे, हे फिलिप्सचे आकडे सांगत होते आणि डार्विनला ऐकू येत नव्हते. त्याच जूनच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या त्या नव्या संग्रहालयात बिशप विल्बरफोर्स आणि हक्सले यांची प्रसिद्ध खडाजंगी झाली. जगाने ती लक्षात ठेवली. घर फिलिप्सचे होते आणि रेषाही, पण त्या गदारोळात रेषेकडे कोण पाहणार?

त्या रेषेतही एक खोट होती, आणि ती जाणून घेण्यासारखी आहे. पर्मियन काळात इंग्लंडच्या पूर्वेला होता तो एक कोंडलेला, खारट होत जाणारा समुद्र. यॉर्कच्या कॅथीड्रलचा दगड त्यातलाच. अशा पाण्यात मुळातच थोड्या जाती तग धरतात. फिलिप्सने ब्रिटिश शिंपले मोजले, त्यामुळे त्याला त्या काळातली वस्ती आधीपासूनच विरळ दिसली. म्हणजे उतार खरा, पण त्याचा काही भाग मिठाने केलेला.

मोकळ्या समुद्रात काय होते, ते कळायला आपल्या उपखंडात यावे लागले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या विल्हेल्म वागेन या जर्मनाने पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतले, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या सॉल्ट रेंजमधले, शिंपले अभ्यासले. त्याचे जाडजूड भाग १८७९ ते १८८७ या वर्षांत प्रसिद्ध झाले. तिथल्या पर्मियन चुनखडकाला प्रॉडक्टसचाच चुनखडक म्हणत, इतकी त्यांची रेलचेल. एक जात शंकूसारखी उभी राहून वर झाकण लावून घेणारी, पोवळ्याचा भास होईल अशी. दुसरी पानासारखी चपटी, शिरा काढलेली. पुढे अमेरिकेत टेक्सासच्या ग्लास पर्वतांतला चुनखडक टनांनी आम्लात विरघळवला, तेव्हा गारगोटी बनलेले शिंपले काट्यांसकट मोकळे झाले आणि हेच दृश्य दिसले. वस्ती थकलेली, रोडावलेली नव्हती. ती भरात होती, नवनवे आकार घेत होती. आणि २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी ती पाहता पाहता संपली.

कारण फिलिप्सला कळणे शक्य नव्हते. त्या सुमारास सैबेरियात जमीन भेगाळून लाव्हाचे लोट वाहिले. वायूंनी हवा तापली, समुद्र तापला, पाण्यातला प्राणवायू घटला, आम्लता वाढली. जाड चुन्याचे कवच आणि मंद श्वास असलेल्यांची त्यात सर्वांत वाईट गत झाली. पणत्यांची काटकसर इथे त्यांच्याच गळ्याशी आली. समुद्रातल्या दर दहा जातींमागे आठ-नऊ नष्ट झाल्या. प्रॉडक्टसचे घराणे जवळजवळ साफ बुडाले, त्रिखंडी ट्रायलोबाइट संपले. रिकाम्या तळावर तिसऱ्या-शिवल्यांच्या पूर्वजांनी बिऱ्हाडे मांडली, ती आजतागायत.

रेषेतला दुसरा खड्डा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर गेले तो. त्यात आकाशातून पडलेल्या अशनीचा वाटा मोठा मानतात. पण त्याच काळात सैबेरियासारखाच लाव्हा आणखी एका ठिकाणी वाहत होता, आणि त्या विनाशात त्याचा किती हात होता यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. तो लाव्हा थिजून झालेला काळा पायऱ्यापायऱ्यांचा दगड म्हणजे आपला सह्याद्री. खंडाळ्याचा घाट चढताना गाडीच्या खिडकीतून दिसतो तो. जॅक सेपकोस्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास जगभरच्या नोंदी संगणकावर घालून पुन्हा असा आलेख काढला. खड्डे अधिक निघाले, पण फिलिप्सचे दोन्ही जागच्या जागी होते.

बहीण ॲन १८६२ मध्ये गेली. त्यानंतर फिलिप्स एकटाच राहिला, पण रिकामा बसला नाही. दुर्बिणीतून चंद्र आणि मंगळाची चित्रे काढली, व्हेसुव्हियसवर पुस्तक लिहिले, सत्तरी गाठल्यावर टेम्स खोऱ्याच्या भूशास्त्रावर एक मोठा ग्रंथ पुरा केला. १८७४ च्या एप्रिलमध्ये ऑल सोल्स कॉलेजात जेवायला गेला असताना जिन्यावरून त्याचा तोल गेला. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, तो वारला. ऑक्सफर्डने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले नाही. त्याला यॉर्कला नेले आणि ॲनच्या शेजारी पुरले.